बंद करायचं बटण

कंपनीत बाईंचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या नन्नाबाई. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की नन्नाबाई. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्यात त्यांना वावगं काही वाटत नव्हतं. त्या टेस्टर होत्या. दुसऱ्यांनी घाम गाळून केलेलं सॉफ्टवेअर हातात घ्यायचं, उलटंपालटं करायचं, नको तिथे बोट दाबायचं आणि ते कुठे मोडतं ते सांगायचं, हे त्यांचं काम. "नन्नाचा पाढा म्हणायचाच पगार घेते मी," त्या म्हणायच्या. "हो म्हणणारे तुमच्याकडे पैशाला पासरी आहेत."

कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी ॲप चालवायची. औषधं घरपोच यायची आणि गोळीची वेळ झाली की फोनवर घंटा वाजायची. बाई तिथे लागल्या तेव्हा टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सगळा कारभार होता. खालून रबराचा वास यायचा. भांडणं एकाच टेबलावर व्हायची आणि मिटायचीही तिथेच. ॲप साधं होतं, पण कामाचं होतं. बाईंच्या सासूबाईंनीही ते शेवटपर्यंत वापरलं.

मग मोठे पैसेवाले आले आणि त्यांच्या मागोमाग शब्द आले. काचेची इमारत आली, खुर्च्यांऐवजी बसायला मऊ पोती आली. बाईंनी भांडून पाठ ताठ राहील अशी लाकडी खुर्ची मिळवली. "या पोत्यात रुतलेला माणूस नाही म्हणायला उठणार कसा?" असं त्यांचं म्हणणं. आधी सगळं ढगात, म्हणजे क्लाउडवर, न्यायचं ठरलं. ते नेऊन होतंय न होतंय तोच सगळं साखळीत, म्हणजे ब्लॉकचेनमध्ये, ओवायचं ठरलं. साखळी कुठल्या कोपऱ्यात गंजत पडली ते कुणी विचारलं नाही, कारण तोवर कृत्रिम बुद्धी आली होती. औषधाच्या डबीपासून घंटेपर्यंत जो तो बुद्धिमान. "नवरदेव तोच," बाई चहाच्या यंत्रापाशी म्हणाल्या, "दर वेळी घोडा तेवढा बदलतात." ऐकणारे हसले, पण आधी इकडेतिकडे बघून.

एके सकाळी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या विभागातल्या ताई बाईंकडे आल्या. "मॅडम, एक आजोबा आहेत, निवृत्त ग्रंथपाल. त्यांना ॲप बंद करायचंय आणि ते होत नाहीये. बग आहे का, बघता?"

बाईंनी फोन स्वतःच घेतला. ग्रंथपाल वाचनालयात बोलावं तसे हळू बोलत होते.

"माझी पत्नी गेली," ते म्हणाले. "तिच्या नावाने अजून घंटा वाजते. सकाळी वाजते, संध्याकाळी वाजते. गोळी दिली का, विचारतं. बंद करायला गेलो तर... थांबा, वाचूनच दाखवतो. 'आपल्या माणसाची काळजी घेणं थांबवायचं? नक्की?' आणि खाली दोन बटणं आहेत. एक, 'नाही, मी काळजी घेईन.' दुसरं, 'नंतर ठरवेन.' यातलं मी काय दाबू, बाई?"

"तुम्ही फोन बाजूला ठेवा," बाई म्हणाल्या. "मी इथून करते." आणि आतल्या माणसांच्या मागे लागून त्यांनी ते खातं दुपारच्या आत बंद करवलं.

मग त्यांनी स्वतःच्या फोनवर तेच करून पाहिलं. तिसरं बटण होतं. पडदा आणखी वर सरकवला की अगदी तळाशी, राखाडीवर राखाडी अक्षरांत. आणि त्या पडद्यापर्यंत पोचायलाच मदतीच्या पानाखालचं एक बारीक वाक्य दाबावं लागत होतं, जे दाबता येतं असं कुणाला वाटणारच नाही. म्हणजे बग नव्हता. कुणीतरी विचार करून, मोजून मापून, चार जणांची संमती घेऊन हे असं केलं होतं. बाईंना चुका रोज दिसत. चुकीवर त्या कधी चिडत नसत. ही चूक नव्हती म्हणूनच त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्यांनी रीतसर नोंद केली: "ॲप बंद करता येत नाही. अत्यंत गंभीर." संध्याकाळी साहेबांनी उत्तर लिहिलं, "जसं हवं तसंच चालतंय," आणि नोंद मिटवली. बाईंनी ती उघडली. साहेबांनी मिटवली. बाईंनी परत उघडली. सगळं ऑफिस हा सामना आपापल्या पडद्यावर बघत होतं आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

साहेब म्हणजे बाईंच्या लेकीच्या वयाचा मुलगा. हुशार होता, गोड बोलायचा, कुणावर आवाज चढवायचा नाही. "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता," तो म्हणाला. "सगळेच असं करतात."

"मग सगळ्यांचंच चुकतंय."

नव्या आवृत्तीची वेळ आली. कुठलीही आवृत्ती लोकांपर्यंत जाण्याआधी बाईंचा होकार लागायचा. टायरच्या दुकानावर असल्यापासूनचा रिवाज होता तो. या वेळी मात्र तपासणी नव्या बुद्धिमान यंत्राने आधीच उरकली होती. काचेच्या खोलीत सगळे जमले. भिंतीवर हिरव्या खुणांची रांग झळकत होती.

"यंत्राने सगळं बघितलंय," साहेब म्हणाला. "तुमचा फक्त होकार हवाय, मॅडम."

"बंद करायच्या बटणाबद्दल यंत्राला काय विचारलंत?"

"आहे का, ते. आहे."

"त्याला सापडणारच. त्याचा चष्मा हरवत नाही आणि त्याची बायको गेलेली नाही. मी हो म्हणणार नाही."

कुणीतरी खोकलं. साहेब पुढे झुकला. "सोडून जाणारे कमी झाले, म्हणून पैसेवाले थांबलेत. त्यावर सगळ्यांचे पगार चालतात. तुमचाही."

"एक माणूस आवडीने राहिला आणि दुसऱ्याला दार सापडलं नाही म्हणून राहिला. तुमच्या त्या आलेखात दोघं एकाच रेघेवर दिसतात," बाई म्हणाल्या. "घर बांधायचं, पाहुण्याला बोलवायचं आणि मग दार लपवायचं, याला पाहुणचार नाही म्हणत. कोंडणं म्हणतात."

"मग ही आवृत्ती तुमच्या होकाराशिवाय जाईल."

"जाऊ दे. माझ्या नावावर नको."

ती गेली. आणि थोड्याच दिवसांत बाईंनाही एका छोट्या खोलीत बोलावणं आलं. माणसांचा विभाग सांभाळणाऱ्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तेव्हाच नन्नाबाई काय ते समजल्या. पद आता उरलं नव्हतं. निरोपाची रक्कम मात्र घसघशीत मिळणार होती, दोन गोष्टी केल्या तर. एक म्हणजे आपण राजीखुशीने जात असून बाहेर काही बोलणार नाही, अशी सही. दुसरी म्हणजे बाईंच्या इतक्या वर्षांच्या नोंदी घेऊन काही दिवस यंत्राबरोबर बसायचं, त्याला त्यांची नजर शिकवायची.

"काढताय तर काढा," बाई म्हणाल्या. "पण हाकललेल्या माणसाने आपण होऊन गेलो असं लिहून द्यायचं, हा कुठला न्याय? आणि यंत्राला माझा नन्ना शिकवून करणार काय? मी म्हणत होते तेव्हा तरी कुठे ऐकलात?"

सही न करता त्या उठल्या. लाकडी खुर्ची मागितली. ती कुणाला नकोच होती.

घरी आल्यावर हा ताठा टिकला, असं नाही. बाईंच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. ते म्हणाले, "बरं झालं. पण तुमच्या त्या फिकट अक्षरांवर माझा धंदा चालत होता, त्याचं काय?" बाई हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. या वयात आपल्याला काढलं, ही गोष्ट त्यांना फार लागली होती. नेहमीच्या वेळी त्या तयार होऊन बाहेर पडत आणि लांब फेरी मारून येत, शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून. पण एका सकाळी जिन्यात शेजारणीने विचारलंच, "आज उशीर?" आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "मला काढलं. लबाडीला हो म्हटलं नाही म्हणून." ते बोलल्यावर त्यांना एकदम मोकळं वाटलं. त्या दिवसापासून फेरी बंद.

त्या दुकानात बसू लागल्या. नंबर काढून घ्यायला आलेली माणसं वाट बघत बसायची, आणि बोलता बोलता एखादं फोन पुढे करायचं. "हे व्यायामाचं ॲप घेतलं होतं, आता बंदच होत नाही. बघता का?" दुसऱ्याचं गाण्यांचं, तिसऱ्याचं भाषा शिकायचं. बाई एकेक दार शोधून द्यायच्या. मग त्यांनी इंटरनेटवर एक पान काढलं. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं. ती किती मोठी हवीत ते यजमानांनी भिंतीवरच्या तपासणीच्या तक्त्यावर बोट ठेवून ठरवलं. जाहिरात नाही, 'आम्हाला परवानगी द्या'ची पाटी नाही. वर लिहिलं होतं: "इथे काही विकत मिळत नाही." खाली ॲपचं नाव आणि ते कसं बंद करायचं, साध्या वाक्यांत. पान या तोंडून त्या तोंडी गेलं. लोक नवी नावं कळवू लागले.

एका रविवारी लेक जेवायला आली ती तणतणत. ती सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या एका कंपनीच्या वाढ विभागात होती. आलेला माणूस जाऊ नये, हेच तिचं काम.

"आई, आमचं नाव आहे तुझ्या पानावर."

"आहे. बटण लपवलंय तुम्ही."

"लपवलं नाही, आत ठेवलंय."

"तेच म्हणतेय मी."

"ऑफिसात कळलं तर? मी तुझी मुलगी आहे गं!"

"म्हणूनच काढणार नाही. लेकीचं झाकलं, तर बाकीच्यांची उघडी करायला मला तोंड कुठलं?"

लेक ताटावरून उठली. "मी शिकले ते तुझ्या त्या कंपनीच्या पगारावरच ना? तेव्हा नाही टोचलं तुला?"

हे मात्र बाईंच्या जिव्हारी लागलं. "उशिरा टोचलं असेल," त्या म्हणाल्या. "पण टोचल्यावर गप्प बसले नाही. तू बस, जेवून जा."

लेक जेवली नाही. पुढे किती तरी दिवस तिचा फोनही नाही.

दरम्यान साहेब दुकानात येऊन उभा राहिला. यजमानांनी विचारलं, "फ्रेम बघायचीय का?" त्याने बाईंकडे बोट केलं आणि स्टुलावर टेकला. आता वारं फिरलंय, तो म्हणाला. आता सगळ्यांना विश्वास हवाय. कंपनी विश्वास विभाग काढतेय. बाईंनी त्याचं प्रमुख व्हावं. फक्त ते पान तेवढं उतरवावं.

"तुमचा वाढ विभाग बंद झाला का?" बाईंनी विचारलं.

"नाही... तो आहेच."

"म्हणजे एका मजल्यावर दार लपवायचं आणि दुसऱ्या मजल्यावर विश्वास वाटायचा. नको. या नव्या घोड्यावर मला बसवू नका."

साहेबाचा चेहरा उतरला. "वकील मागे लागलेत, मॅडम. मी थांबवू शकणार नाही."

"त्यांना म्हणावं, पानावरचं एक खोटं वाक्य दाखवा. तिथल्या तिथे दुरुस्त करते. रीतसर नोंद करा, येते तुम्हाला."

"आणि सगळं खरं असेल तर?"

"तर जसं हवं तसंच चालतंय."

वकिलांचं पत्र आलंच. बाईंनी प्रत्येक पडद्याचा फोटो जोडून उत्तर पाठवलं. त्यानंतर तिकडून शब्द नाही.

एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. कशी आहेस नाही, काही नाही. "तुझं पान चुकलंय," ती म्हणाली. "आमचं. तू लिहिलंयस तिथे ते बटण आता नाही."

"मग कुठे गेलं?"

"ते मी सांगणार नाही. मी तिथे नोकरी करते." मग जरा थांबून, "टेस्टर तू आहेस ना? शोध."

बाईंनी चहा निवायच्या आत शोधून काढलं. चिडावं की हसावं ते त्यांना कळेना. पोरीने मान तुकवली नव्हती, पण आईचं चुकीचं राहू दिलं नव्हतं. यजमानांना त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्यावरच गेलीय."

पुढे जुन्या कंपनीने चौकाचौकांत फलक लावले: "एका बटणात बंद! कारण आम्हाला तुमची किंमत आहे." खाली साहेबाचा हसरा फोटो. ओळखीचे लोक बाईंचं अभिनंदन करायला आले. "जिंकले कसली?" बाई कडाडल्या. "घराला दार आहे याची जाहिरात करावी लागते, यावरूनच धंदा कुठे पोचलाय ते समजा." तरी त्यांनी ॲप घेतलं, पहिल्याच पडद्यावरचं बटण दाबून पाहिलं, दुसऱ्याच्या फोनवर पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मग पानावर लिहिलं: "सापडतं. आजपर्यंत." तो 'आजपर्यंत' काढाल का, असा साहेबाचा निरोप आला, तो बाईंनी वाचला आणि तसाच ठेवला.

आता त्या कामाला आणखी दोघी जुन्या टेस्टर मदत करतात. लेकीला मध्यंतरी बढती मिळाली. नोकरी तिने सोडलेली नाही, आणि तिच्या कंपनीचं नाव पानावरून हललेलं नाही. रविवारी ती येते. जेवताना बटण हा शब्द काढायचा नाही, असा नियम यजमानांनी घातलाय. पहिला घास घशाखाली उतरायच्या आत दोघींपैकी एक तो मोडते, आणि यजमान आपली वाटी उचलून गॅलरीत जाऊन बसतात.