साधंच पेट्रोल पिणारी गाडी

आमच्या टॅक्सी स्टँडवर गिऱ्हाईक कमी आणि वेळ भरपूर. त्यामुळे किस्से साठतात. तंजावरच्या पंपावर भारी, म्हणजे हाय-ऑक्टेन पेट्रोल आलं, त्या वर्षी तर किस्से ठेवायला जागा पुरेना. आमची गाडी मात्र साधंच पीत राहिली, हे मी मान वर करून सांगतो.

भारी पेट्रोल पहिल्यांदा भरलं स्टँडवरच्याच तुकोजीमामांनी. त्यांची गाडी आणि आमची एकाच सालच्या, एकाच बनावटीच्या. त्यांनी टाकीत आधी थोडं भारी ओतवलं, मग वर साधं.

"मामा, असं का?"

"तूप पहिल्या भातावरच वाढतात ना?"

मग गिऱ्हाइकं बिघडली. एक वकीलसाहेब भाडं विचारायच्या आधी म्हणाले, "पेट्रोल कुठलं?" मी साधं म्हटल्यावर ते पेटी उचलून मामांच्या गाडीत जाऊन बसले. जायचं होतं देवळामागच्या गल्लीत.

मी वडिलांना, अप्पांना म्हणालो, आपणही भारी भरू.

"आपलं इंजिन साध्यावर नॉकिंग करतं, खडखडतं?"

"नाही."

"मग ताप नसताना औषध कशाला?"

पण गिऱ्हाईक तुटतच गेलं. शेवटी अप्पाच म्हणाले, पोंगलच्या सणापर्यंत कायमचं काम मिळालं नाही तर गाडी विकू. मी शाळा लवकर सोडलेली. ती गाडी चालवणं, एवढंच मला येत होतं.

त्यातच मामांनी पैज लावली. पापनाशमच्या रस्त्यावर, रेल्वे फाटकापर्यंत. मला वाटभर त्यांची धूळच दिसली. पोहोचलो तर फाटक बंद, आणि दोन्ही पेट्रोलं शेजारी शेजारी उभी.

"पाहिलंस?" मामा म्हणाले. "मी आधी थांबलो."

पापनाशमचे एक मिरासदार, मोठे जमीनदार, म्हाताऱ्या आईला दर आठवड्याला तंजावरच्या डॉक्टरांकडे आणत. त्यांना वर्षभरासाठी एक गाडी ठरवायची होती. एका आठवड्यात मामांची नेली, पुढच्या आठवड्यात माझी. मामांनी भारी पेट्रोलचं नाव राखलं, गाडी अशी सोडली की बैल बांधावर चढले. मला मोठ्या माणसांपुढे बोलता येत नाही. मी नुसती चालवली. कालव्याकडेचे खड्डे मला पाठ होते.

डॉक्टरांकडून निघाल्यावर मिरासदारांनी आमच्या स्टँडवर गाडी थांबवायला लावली. मामाही जवळ आले.

"अम्मा, कुणाची गाडी ठेवू?"

पाट्टी, म्हणजे त्या आजी, मामांकडे पाहून म्हणाल्या, "यांच्या गाडीतून सगळं दिसलं. देवळं, कालवे, बाजार. एकेक गाव मोजलं मी."

मामांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि या तंबीच्या, या पोराच्या गाडीतून?" मिरासदारांनी विचारलं.

"काहीच दिसलं नाही."

माझा हात स्टिअरिंगवरून खाली आला.

"मग यांचीच ठेवतो," मिरासदार म्हणाले.

"तंबीची ठेव," पाट्टी म्हणाल्या. "मला झोप लागली होती."