अळणी भगर

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. बहिणीला सांगायला गेले होते एकदा, पण तोंडापर्यंत आलेलं गिळलं आणि भलतंच काहीतरी बोलून बसले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता? माझ्यासारखी एखादी बाई तुमच्याही शाळेत असेलच. पोरांत रमणारी, हसरी, समतेवर बरं भाषण करणारी. तशीच मी.

पालम तालुक्यातल्या एका खेड्यात मी पहिली-दुसरीला शिकवते. शनिवारी पोरांना दप्तर नसतं, म्हणून मीच एक टूम काढली होती. दर महिन्याला गावातल्या एका वेगळ्या घराची ओळख करून घ्यायची — त्यांचं एक खाणं, हातानं करायची एक वस्तू, एक गाणं. आधी तांड्यावरच्या आजी आल्या. पोरांनी चिंध्यांवर टिकल्यांचे आरसे चिकटवले आणि आजींनी भाजलेल्या बाट्या मी पोरांच्या बरोबरीनं हाणल्या. मग मशिदीजवळच्या चाची आल्या. त्यांचा शिरखुर्मा तर मी परत मागून घेतला. हे मुद्दाम सांगते आहे. आपण शिवाशिव पाळतो, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात बौद्ध वस्तीतल्या नंदाताई आल्या. त्यांची रमा माझ्याच दुसरीच्या वर्गात. आई शाळेत शिकवायला येणार म्हणून पोरगी आठवडाभर हवेत होती. पोरांनी खळ लावून पाच रंगांच्या कागदी पताका केल्या, भिंतीला कमी आणि एकमेकांच्या केसांना जास्त चिकटवल्या. जयंतीला म्हणतात तसलं एक गाणं टाळ्या वाजवून पाठ केलं. चुलीवर खीर रटरटत होती, आणि ती ढवळत नंदाताई गोष्ट सांगत होत्या — उपास करून करून हाडं निघालेल्या सिद्धार्थाला सुजाता नावाच्या बाईनं खीर कशी दिली, आणि त्यानं ती खाऊन उपास कसा सोडला. एरवी दंगा करणारी माझी पोरं आ वासून ऐकत होती.

मग वाट्या भरल्या. पहिली वाटी रमानं माझ्यापुढे धरली, दोन्ही हातांनी.

आणि मी म्हणाले, माझा आज उपास आहे.

नव्हता. सकाळी पोटभर पोहे खाऊन निघाले होते. मग असं का बोलले? कंपाउंडाच्या भिंतीवरून गावातल्या दोन बायका बघत होत्या, त्यातली एक माझी घरमालकीण — तिची भीती वाटली, असं सांगता येईल. पण चाचींच्या वेळीही ती होतीच की तिथं. खरं सांगू? घास नको वाटला. आत कुठंतरी काहीतरी मागे सरलं, आणि ते कुणी दुसऱ्यानं सरकवलं नव्हतं.

रमा वाटी धरून तशीच उभी. गोष्ट नुकतीच ऐकलेली, त्यामुळे तिला उलट बरंच वाटलं असावं. म्हणाली, "मॅडम, त्यानं बी खीर खाऊनच उपास सोडला ना? मंग तुमी बी सोडा की."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी काय करावं? मी तिच्यावर डाफरले. मोठ्यांना उलटून बोलतेस, जाग्यावर बस म्हणाले — त्या पोरीला, जिला मी वर्षभर प्रश्न विचारायला शिकवलं होतं. नंदाताईंनी तिच्या हातातली वाटी घेतली आणि मॅडमचा उपास मोडू नये म्हणून तिला समजावलं. माझी बाजू त्यांनी सांभाळली.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी विसरूनही गेले असते. पण पुढच्या शनिवारी रमा डबा घेऊन आली. आईनं माझ्या उपासासाठी भगर केली होती. त्यांच्या घरात उपास कुणी धरत नाही. भगर दुकानातून विकत आणून, कुणाला तरी विचारून शिजवली होती. मी डबा घेतला, तोंडभर हसले. खोलीवर जाऊन भगर घरमालकांच्या म्हशीच्या घमेल्यात ओतली. डबा घासून, पुसून ठेवला.

सोमवारी रमानं विचारलं, कशी झालती? मी म्हणाले, फार छान, मीठ तर अगदी बेताचं. नुसतं छान म्हणून गप्प बसता आलं नसतं का? पण खोटं बोलणाऱ्याला बारकावे सुचतात.

शाळा सुटल्यावर नंदाताई फाटकाशी थांबल्या होत्या. रमा लांब, चिंचेखाली पोरींत खेळत होती.

"रमा सांगायलीय, मीठ बेताचं झालतं म्हणून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी मीठ टाकलंच न्हवतं मॅडम. उपासाला चालतंय का न्हाई, कळंना मला."

त्या रागावल्या नव्हत्या, रडल्याही नाहीत. रमाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तिला सांगू नका."

मी सांगितलं नाही. त्यांनीही नाही. रमा आता पाचवीत, पालमच्या शाळेत जाते. एसटीची वाट बघताना कधी भेटली की हात धरून मैत्रिणींपुढे नेते आणि सांगते, या आमच्या मॅडम, यांना माझ्या आईच्या हातची भगर लय आवडती.

मी मान डोलावते.