नापास सार

आमचे तपासणी विभागाचे साहेब यंत्राचा सुटा भाग हातात घेत, डोळे मिटत आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत. केसाएवढा ओरखडा लागला तरी डोळे उघडून चक्क मराठीत म्हणत, "नापास." अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यातल्या तमिळ कामगारांना या शब्दाचा अर्थ कुणी सांगितला नव्हता, पण तो त्यांना पुरेपूर कळला होता. 'सर'ला ते 'सार' म्हणत, म्हणून त्यांनी साहेबांचं नावच 'नापास सार' ठेवलं होतं. ज्याच्या हातून चूक झाली त्याला साहेब सगळ्यांसमोर उभं करत. "माल बिघडतो, त्याचं काही नाही," ते म्हणत, "पण लपवलास कशाला, ते सांग."

मी तेव्हा नुकताच नोकरीसाठी चेन्नईला आलो होतो. साहेब मूळचे सांगलीचे. अण्णा नगरात ते आणि वहिनी, दोघंच राहत. माझं रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं. वहिनींना तमिळ येत नव्हतं, शेजारणींशी बोलणं खुणांवर चाले. त्यांचा वेळ जावा म्हणून साहेबांनी रिची स्ट्रीटवरच्या एका लहानशा दुकानातून व्हिडिओ गेमचं जुनं मशीन आणलं, वॉरंटीवर. नवं मॉडेल बाजारात आलं होतं, पण साहेब म्हणाले, "जुन्या यंत्राच्या खोडी आधीच कळलेल्या असतात."

या मशीनच्या खोडी मात्र संपतच नव्हत्या. आत सीडी फिरायची आणि पडदा काळाच राहायचा. उलटं ठेवलं की ते चालतं, हा शोध वहिनींचा. मोटारींच्या शर्यतीत त्या साहेबांना हरवायच्या आणि खुर्चीवरून उठून हसायच्या. एरवी त्या घरात फारसं हसू ऐकू येत नसे. पुढे ते उलटंही चालेना. दुकानातल्या सेल्वमने बदलून दुसरं दिलं. तेही बिघडलं, तेही त्याने बदललं.

तिसरं बंद पडलं तेव्हा साहेब चिडले. "जन्मभर यंत्रंच बघतोय मी," म्हणत त्यांनी स्क्रूवरचं, फाटलं की वॉरंटी संपते ते स्टिकर वाफेवर सोडवलं. मी बॅटरी धरून शेजारी, वहिनी दारात. सीडी वाचणारं आतलं भिंग पुसायला जाताना स्क्रूड्रायव्हर निसटला आणि भिंगावर आडवा ओरखडा उठला. मग सगळं परत बसवून साहेबांनी स्टिकर गोंदाने चिकटवलं.

आम्ही तिघं दुकानात गेलो. सेल्वमने मशीन उलटं करून स्टिकरवर नख फिरवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "घरी उघडलं होतं का, सार?"

"नाही."

"नक्की?"

"मी क्वालिटीचा माणूस आहे," साहेबांचा आवाज चढला. "माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर विचारा याला!" आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मी काचेखालच्या सीड्या बघायला लागलो. वहिनींनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. सेल्वमने आमच्या तिघांकडे पाहिलं आणि आतून दुसरं मशीन आणून दिलं.

रिक्षात वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, उघडलं तर उघडलं म्हणायचं. हात चुकला, त्यात काय?" साहेब बाहेर बघत होते. मला वाटतं, त्यांना बदली मशीनचा मोह नव्हताच. आपला हात चुकला, हे त्यांच्या तोंडून निघेना. ते मशीन व्यवस्थित चालत होतं, पण वहिनींनी त्याला हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब मला घेऊन परत दुकानात गेले. मशीन काउंटरवर ठेवून म्हणाले, "मी खोटं बोललो. ते मीच उघडलं होतं."

सेल्वम हसला. "स्टिकर बघूनच कळलं होतं, सार. सगळेच असं म्हणतात. परवायिल्लै, काही हरकत नाही, घेऊन जा."

"कळलं होतं, तर बदलून का दिलंत?"

"मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तुम्हाला कसं बोलणार?"

साहेब मशीन तिथेच ठेवून बाहेर पडले. स्टॉपवर बसची वाट बघताना म्हणाले, "त्याने चार माणसांत माझी कानउघाडणी करायला हवी होती रे."

असं म्हणाले खरे, पण त्यानंतर कारखान्यात साहेब कुणालाही सगळ्यांसमोर उभं करेनासे झाले. खराब भाग ते अजूनही नापासच करत, पण चुकलेल्या माणसाला बाजूला, स्टोअरच्या मागे नेऊन हळू आवाजात विचारत. एका कामगाराने मला काळजीने विचारलं, "नापास सारना बरं नाही का?"

वर्षभरात त्यांची पुण्याला बदली झाली. सेंट्रल स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो. वहिनींनी खिडकीतून माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला. साहेब खाली उतरून माझ्यापाशी आले. कारखान्यात कधी नजर न चुकवणारे साहेब माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत म्हणाले, "मी खोटं बोललो ते बोललोच. पण तुला साक्षीला उभं केलं."

"जाऊ द्या, साहेब."

"जाऊ द्या म्हणू नकोस," ते म्हणाले आणि गाडी हलल्यावर घाईने आत चढले.