वाघजाईच्या राईतले सात देव

कुंडलिक हैबती रेणुसे यांनी १९४४ नंतर एकही गोष्ट लिहिली नाही. पुण्यात ज्यानं त्यानं आपापल्या मगदुराप्रमाणे याची कारणं लावली. कुणी म्हणालं, डोळे अधू झाले. कुणी म्हणालं, अर्थशास्त्राचा प्राध्यापक शेवटी रुक्षच, झरा आटला. झरा आटला म्हणे! अहो, आटला नव्हता, त्यानं स्वतःच्या हातानं बुजवला. आणि तो का बुजवला, हे जगात एकाच बाईला ठाऊक होतं. ती त्याची आई.

त्याचं गाव उंबरवाडी, म्हणजे विंझरच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटलेली चौदा घरं. खाचरात भात, उतारावर नाचणी. बाप हैबती लवकर गेला. आई धोंडाबाई मोठी खमकी बाई. पोराच्या डोक्यात अक्षर राहतं म्हटल्यावर तिनं दुभती म्हैस विकली आणि त्याला भोरच्या हायस्कुलात घातलं. भावकी हसली. "शिकून काय पोरगं दिवाण व्हनार हाय?" दिवाण नाही झाला, पण एम.ए. झाला, पुण्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागला. मग तीच भावकी विंझरच्या बाजारात "आमचा कुंडलिक, आमचा कुंडलिक" करत हिंडायची.

गावोगावची पाहणी करायची त्याला भारी हौस. सुट्टी लागली की वह्या घेऊन मावळात उतरायचा. घरात खाणारी तोंडं किती, नांगर किती, बैल किती. एकदा एका घरी बयाबाई नावाच्या म्हातारीनं तोंडं पाच सांगितली. यानं मोजली तर चारच. "पाचवा पोरगा साथीत गेला," म्हातारी म्हणाली, "पर त्याचं ताट म्या रोज मांडती. मंग खानारा न्हाई का त्यो?" आता हे कोष्टकात कुठं मांडायचं? मांडता आलं नाही म्हणून त्यानं गोष्ट लिहिली. मासिकानं छापली, लोकांना आवडली, आणि गड्याला चटक लागली. एक व्याख्यानाचा कुंडलिक, एक गोष्टींचा. दोघांचं बरं जमत होतं. लोक म्हणत, प्रा. रेणुशांच्या गोष्टीत एक कण खोटा सापडायचा नाही. हे ऐकलं की त्याची छाती फुगायची. तिथंच घात होता.

लढाईच्या दिवसांत सरकारनं लेव्ही बसवली. पिकलेलं भात सरकारात घालायचं, घरात मोजकं ठेवायचं. कुंडलिकनं वर्गात लेव्हीची बाजू घेतली होती. बंगालात माणसं अन्नावाचून मरतायत, साठे दडवणं पाप आहे, असं तो पोटतिडकीनं सांगायचा. खोटं नव्हतंच ते. पण १९४४ च्या माघात तो वाडीला गेला आणि पाहतो तो लेव्हीवाल्यांनी घराघरांत सापडलं ते बियाणंसुद्धा धुवून नेलेलं.

"मंग पेरायचं काय?" त्यानं आईला विचारलं.

धोंडाबाई गालातल्या गालात हसली. त्याला घेऊन ती वाघजाईच्या राईत गेली. राईतली काटकी मोडायची नाही असा दंडक, तिथं दडवादडवीचा संशय कोण घेणार? देवीच्या मागं शेंदूर फासलेले सात गोल दगड ओळीनं बसले होते. कुंडलिकनं सवयीनं हात जोडले. धोंडाबाई पदर तोंडाशी धरून हसायला लागली. "आरं, मुडं हायती त्ये!"

मुडा म्हणजे पेंढ्याचं दोरीनं आवळलेलं गोल गाठोडं, आत बियाण्याचं भात. त्यावर वारुळाची माती आणि शेण लिंपलेलं, वर तेलातला शेंदूर. चौदा घरांचं पुढच्या सालाचं बी तिथं देव होऊन बसलं होतं. चौदाही घरांनी वाघजाईचा भंडारा उचलून शपथ घेतली होती, परक्याला सांगायचं नाही.

"तू काय परका न्हाईस," धोंडाबाई म्हणाली. "पर पोटात ठेव बाबा. ह्ये गेलं तर वाडी उठंल."

त्यानं पोटात ठेवलं. किती दिवस? वीस! पोटात राहीना ते. काय तो प्रकार, देवाला फसवायचं नाही, देवाच्याच पंगतीला बसवायचं बियाणं! कुठला लिहिणारा सोडेल? त्यानं गाव बदललं, देवी बदलली, बायकांची नावं बदलली, आणि मनाची समजूत घातली की झालं, आता हे कुणाचंच राहिलं नाही. फाल्गुनाच्या अंकात गोष्ट आली. पत्रांवर पत्रं आली. शेंदराचं बोट नि शेणाची पाटी एकाच हातात असलेल्या गोष्टीतल्या म्हातारीवर लोक खूश झाले.

चैत्र लागता लागता सावळाराम भेटायला आला. कुंडलिकचा जुना विद्यार्थी, हुशार, आता लेव्हीखात्यात इन्स्पेक्टर. अंक हातात होता.

"सर, गोष्ट उत्तम. पण एका ठिकाणी पटत नाही."

"कुठं?"

"पेंढ्यावर माती धरायची नाही. वाळली की तडकेल, भात दिसेल. तिथं गोष्ट खोटी वाटते."

खोटी! प्रा. रेणुशांची गोष्ट खोटी! कुंडलिक खुर्चीत पुढं सरकला. "अरे, मातीत भाताचं तूस मळतात. वारुळाची माती घेतात, ती चिवट असते. पहिला हात वाळू द्यायचा, मग दुसरा. बोट ओढलंस तरी भेग जायची नाही."

"आणि कुणी हात लावून पाहिलं तर?"

"देव कोण चाचपून बघतो?"

सावळाराम हसला नाही. अंकाची घडी करत हळूच म्हणाला, "म्हणजे सरांनी पाहिलंय." मग चहा पिऊन उठला आणि दारात वाकून नमस्कार करताना म्हणाला, "सांगायचं राहिलं. माझी बदली झाली वेल्ह्याला."

वेल्हे म्हणजे उंबरवाडीचाच पेटा, हे कुंडलिकच्या ध्यानात आलं. बरं, आलं तर आलं, तेव्हाच उठायचं होतंस ना गड्या! पण नाही. परीक्षेचे पेपर होते. पोरगा सज्जन आहे, गुरूच्या गावाला हात लावायचा नाही, असंही वाटलं. वेल्हे पेट्यात वाड्या काय थोड्या आहेत, असंही वाटलं. आणि चार दिवस तो पेपर तपासत बसला. पाचव्या दिवशी कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं नसरापुरात उतरला आणि तिथून उन्हातान्हात पायी निघाला.

विंझरच्या अलीकडे भेटलेला एक गाववाला "जा लवकर" म्हणाला नि वाटेला लागला. वाडीत कुठल्याच चुलीचा धूर नव्हता. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. तो घरी न जाता आधी राईत गेला. सात खळगे होते, आणि शेंदराची ढेकळं इकडं तिकडं पडली होती.

"परवा आलं," धोंडाबाई उंबऱ्यात बसून सांगू लागली. "सायबानं वहाना काडल्या, वाघजाईच्या पाया पडला. मंग लोखंडी सळई घेतली नि सरळ मुड्यांकडं गेला. दुसऱ्या कशाला हात बी न्हाई लावला. सळई खुपसली नि भात गळाया लागलं. बाया वरडल्या रं, देवाच्या आंगातनं रगत आल्यावानी वरडल्या."

"आता पेरायचं काय?"

"काय पेरनार? दगुड?" ती थोडी थांबली. "पर सांगनारा गावला. गेनू धनगर. कचेरीत लोनी घालतोय त्यो. वाडीनं झाडाला बांधून हानला. पाय मोडलाय त्याचा. पानी तोडलं, चराई तोडली."

गेनूचं खोपट वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर होतं. कुंडलिकच्या लहानपणी ह्याच गेनूनं त्याला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडून दिला होता.

"आई, गेनू नाही. मी."

"तू काय?"

"मी लिहिलं."

"कागुद धाडलास? सरकारला?" तिचा चेहरा पांढरा पडला. "कुनाला धाडलास रं?"

"कुणाला नाही. सगळ्यांना."

तिला समजेना. त्यानं समजावून सांगितलं, मासिक म्हणजे काय, किती लोक वाचतात. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "कशापायी?"

"लोकांना आवडतं."

धोंडाबाईनं अंगणात कुणी आहे का ते पाहिलं. मग उठून तिनं दार लोटलं आणि त्याचं मनगट धरलं, लहानपणी मारायच्या आधी धरायची तसं. "त्वांड उघडायचं न्हाई. शपथ मोडली म्या. दाखवलं म्या. त्यांनी गेनूचा पाय मोडला, तुझा जीव घेतील. नि मला हितंच मरायचंय."

"गेनूचं काय?"

"गेनूचं झालं त्ये झालं."

आणि तो गप्प राहिला. अख्ख्या महाराष्ट्राला सांगून मोकळा झालेला माणूस चौदा घरांपुढं गप्प राहिला! राग येतो त्याचा. पण खरं सांगा, आईनं मनगट धरल्यावर तुम्ही तरी काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनूची बायको फुलाबाई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. आत यायची तिला बंदी होती.

"दादा, तुमी आल्याचं कळलं. येक अर्ज लिवून द्या. विंझरच्या पाटलाला न्हेऊन दीन. तुमच्या लिवन्यावर लोक इस्वास ठेवत्यात. आमच्या मान्सानं न्हाई सांगितलं वो. पानी तोडलंय, जनावरं मराया लागली."

धोंडाबाई चुलीपाशी काटक्या मोडत होती. तिचा हात थांबला. कुंडलिकनं पेन काढलं.

अर्ज त्यानं फार सुंदर लिहिला. गेनू त्या आठवड्यात कचेरीत गेलाच नव्हता, त्याच्याही घरची पोरं त्याच राईची लेकरं आहेत, कुणाचं वाईट त्यानं जन्मात केलं नाही, सगळं लिहिलं. मग तिला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता फुलाबाई पदरात रडायला लागली.

"लई झाक लिवलं," ती डोळे पुसत म्हणाली. "पर पाटील इचारंल, गेनू न्हाई तर मंग कुनी सांगितलं? त्ये न्हाई लिवलं?"

धोंडाबाईनं चुलीपासून मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. कुंडलिकनं कागदाकडं पाहिलं. एका ओळीची जागा खाली मोकळी होती.

"ते ठाऊक नाही," तो म्हणाला.

"व्हय की. तुमाला कसं ठाऊक आसनार? तुमी तवा पुन्यात." फुलाबाईनं कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला, आणि तिथंच अंगणाच्या कडेला वाकून ती त्याच्या पाया पडली. त्यानं पाय मागं घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.