मोगलाईत जन्मलेल्यांचे भाऊसाहेब

भाऊसाहेब सावळे यांच्याशी माझी ओळख भांडणाने झाली आणि त्या भांडणात चूक माझी होती. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या गौरवग्रंथात हे नको, असे संपादकांनी सुचवले. मी लिहिणार आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी कोकणातून बदलून परंड्याकडच्या एका सरकारी कचेरीत आले. निराधार अनुदानाचे टेबल माझ्याकडे होते. अर्जदार भारताचा नागरिक आणि राज्याचा रहिवासी हवा, ही अट मला तोंडपाठ होती. एका सोमवारी सोजरबाई नावाच्या पंचाहत्तरीच्या विधवा आल्या. अर्जात जन्मस्थानाचा रकाना कोरा होता.

“आजी, जन्म कुठला?”

“मोगलाईतला.”

“ते भारतात येतं का?”

“तवा कुठं भारत व्हता तिथं?”

मी शेरा मारला: ‘जन्म भारताबाहेर. नागरिकत्वाचा पुरावा जोडावा.’ अर्ज परत केला. सोजरबाई शेजारणीच्या भाकरीवर दिवस काढत होत्या, हे मला माहीत नव्हते. मी विचारलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब त्यांना घेऊन आले. ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज फुकट लिहून देत. आजही देतात.

“मॅडम, निजामाच्या राज्याला आमच्याकडं मोगलाई म्हणतेत. तुमची खुर्ची कुठल्या मुलखात टाकलीय, ठाऊक हाय का?”

“पुरावा आणा.”

“आणतो. पण संशय घ्यायला तुमच्याकडं काय पुरावा हाय?”

मी आवाज चढवला. भाऊसाहेब शांतपणे व्हरांड्यात गेले आणि रांगेला म्हणाले, “मोगलाईत जन्मलेल्यांनी हात वर करा!” पांढऱ्या केसांची जवळजवळ सगळी रांग हात वर करून उभी राहिली. एक आजोबा ओरडले, “समद्यांला निजामाकडं धाडताव का, मॅडम? तिकीट तुमचं!”

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी सोजरबाईंच्या वडिलांच्या नावाचा जमिनीचा जुना खासरा आणि मतदार यादीतला बाईंच्या नावाचा उतारा माझ्यापुढे ठेवला. मी शेरा खोडला आणि खाली सही केली. कचेरीच्या साहेबांनी विचारले, “हा शेरा कुणी मारला होता?” मी तोंड उघडण्याआधी भाऊसाहेब म्हणाले, “खोडला न्हवं? मग झालं.” ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नाही. म्हणून मी सांगते.

ते अटींच्या विरोधात आहेत असे कुणी समजू नये. शेजारच्या राज्यात कायमचा राहणारा त्यांचा सख्खा भाचा इथल्या योजनेसाठी इथला पत्ता लावायला आला, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि अर्ज फाडून टाकला. “अट हाय, ती भाच्यालाबी हाय.” त्यांचा विरोध आहे तो अट न समजता माणूस बाहेर काढणाऱ्यांना. आज पालावर राहणाऱ्या, जन्माची नोंद नसलेल्या माणसांचे कागद घेऊन ते धाराशिवला खेटे घालतात. टेबलामागचा माणूस “हे आपल्यातले कशावरून?” म्हणाला की तोच जुना प्रश्न विचारतात, “संशय घ्यायला तुमच्याकडं काय पुरावा हाय?” मी निवृत्त झाले, आता लिंबाखाली त्यांच्याच बाकावर बसते, आणि तो प्रश्न मीही विचारते. खालच्या आवाजात नाही.

शेरा खोडल्यावर सोजरबाईंचा कोरा रकाना मी स्वतः भरला आणि वाचून दाखवला: गाव, तालुका परंडा, महाराष्ट्र, भारत. त्या म्हणाल्या, “बया! लई लांबचं गाव झालं की माझं. तरी पायी आले बघा.” दोन महिन्यांनी त्यांचे अनुदान सुरू झाले. पहिल्या पैशांतून आणलेली साखर त्यांनी भाऊसाहेबांच्या हातावर ठेवली आणि चिमूटभर माझ्याही.

भाऊसाहेब, निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पुढची पंचवीस वर्षे तो तुम्ही धडधाकट पायांनी चालत जाऊन द्या. तुम्ही हयात आहात कशावरून, असे कुणी विचारलेच, तर व्हरांड्यात आम्ही उभे आहोत. हात वर करून.