पालथी वाटी आणि नॉर्वेची बंदूक

आमच्या सुनेच्या मामांनी आजवर जगातली एकही वस्तू आधी सुलटी पाहिलेली नाही. हातात आलेली वस्तू ते प्रथम पालथी करतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि तिच्या पोटावर काय छाप आहे ते वाचतात. टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी लाजून स्वयंपाकघरातच उभी होते. सुनेने पान मांडलं. मामांनी आमटीची रिकामी वाटी उलटी केली, तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव वाचलं आणि आतल्या दिशेने विचारलं, "विहीणबाई, ही वाटी तुमची नाही. कुसुम कोण?" कुसुम म्हणजे साताऱ्याला आमच्या शेजारी राहायची ती. भाजी-आमटीची देवघेव होता होता तिची वाटी आमच्याकडे राहिली आणि आमची तिच्याकडे. एवढं मी दाराआडून सांगितलं. मामा म्हणाले, "म्हणजे नंबर मिसळलेत," आणि भात कालवायला लागले.

हा नंबरांचा नाद त्यांना बंदुकांमुळे लागला. मामा तरुणपणी पुण्याहून इथे जपानात, सेंदाईला धातूंचा अभ्यास करायला आले, तिथल्याच मुलीशी लग्न करून पुढे टोकियोत राहिले आणि नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कच्या जुन्या फौजी बंदुका ओळखण्याच्या मागे लागले. पुण्याच्या माणसाने जपानमध्ये बसून नॉर्वेच्या बंदुका का ओळखाव्यात, असं मी एकदा धीर करून विचारलं. "इथे दुसरं कोणी ओळखत नाही म्हणून," ते म्हणाले, आणि मला ते पटलं. लोक त्यांना फोटो पाठवतात, मामा छाप पाहून ती कुठली, कधीची ते सांगतात. स्वतःच्या मालकीची मात्र एकच, नॉर्वेची. तिचा घोडा वर नसून पोटाखाली आहे आणि उजव्या अंगाला जात्याच्या खुंट्यासारखा दांडा आहे. तो फिरवला की बार भरायची पेटी वर येते. बार आता कोणी भरत नाही. अशा जुन्या बंदुकीच्या नोंदणीचा कागद इथे शिक्षण खातं देतं. मला चौथीपुढे शाळा मिळाली नाही, बंदुकीला मिळाली.

एकदा मामा ती मामींच्या किमोनोच्या जुन्या पट्ट्यात गुंडाळून सायकलवरून चालले होते, तर चौकीतल्या पोलिसाने अडवलं. मामांनी कागद दाखवला. मग स्क्रू दाखवले. मग गंज कशाला म्हणायचं आणि जुनेपणाचा काळेपणा कशाला, ते समजावायला घेतलं. शेवटी पोलीसच कमरेत वाकून म्हणाला, "आपल्याला उशीर होत असेल." "छे, मी रिटायर आहे," असं म्हणून मामा परत काळेपणाकडे वळले.

गंज काढावा पण काळेपणाला हात लावू नये, हा त्यांचा धर्म. दसऱ्याला मी समई चिंचेने घासत होते तेव्हा ते अक्षरशः धावत आले. "विहीणबाई, थांबा! तिचं वय निघून जाईल!" मी घासलीच. बंदुकीच्या दस्त्याला ते जवसाचं तेल चोळतात, म्हणून माझ्या जवसाच्या चटणीवर त्यांचा फार जीव. "लाकडाला उत्तम," असं तोंड भरून कौतुक करतात.

मामी गेल्यापासून सून त्यांच्या मागे लागली होती. "मामा, आता पुण्याला चला ना. आई रोज विचारते." मामांचं उत्तर ठरलेलं, "बंदूक पूर्ण झाली की निघालो." तिच्या सगळ्या भागांवर एकच नंबर हवा. दांड्यावर मात्र भलत्याच बंदुकीचा होता. खरा दांडा मिळाला की बंदूक म्युझियमला द्यायची आणि जायचं, असा बेत होता. तो मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही सगळे निश्चिंत होतो. सगळे म्हणजे मी.

या हिवाळ्यात सेंदाईच्या एका म्हाताऱ्या हौशी गृहस्थांकडून फोटो आला. त्यांच्याकडेही तशीच बंदूक, तिच्यावर मामांच्या दांड्याचा नंबर, आणि तिच्या दांड्यावर मामांच्या बंदुकीचा. फौजेत कधीतरी दोन्ही एकदम उघडल्या असतील आणि जोडताना दांडे बदलले असतील. सुनेने लगेच विमानाची तिकिटं बघायला घेतली. मामा बंदूक घेऊन, कागद खिशात ठेवून, शिनकानसेनच्या वेगवान गाडीने सेंदाईला गेले. मी त्या दिवशी वरणाला दोनदा मीठ घातलं.

रविवारी ते जेवायला आले. सुनेने दारातच विचारलं, "बसला का दांडा?"

"दोन्ही बसवून पाहिले. खडखडतात."

"पण नंबर तर जुळले ना?"

"नंबर जुळतात गं. पण इतकी वर्षं एकमेकांच्या घरी घासून घासून तिथलेच झालेत. आता आपल्या जागी ठेवले की हलतात. मग आम्ही चहा प्यायलो आणि आपापले परत लावले."

"म्हणजे बंदूक पूर्ण नाहीच?"

"आहे तशी पूर्णच आहे," मामा म्हणाले.

"मग पुण्याचं काय, मामा?"

मामा पाटपाणी करावं तसे सावकाश खुर्ची सरकवून बसले. मी आमटीचं पातेलं घेऊन बाहेर आले होते. त्यांच्या पानात नेमकी कुसुमची वाटी आली होती. त्यांनी ती पालथी केली, चष्मा कपाळावर चढवला, नाव वाचलं, त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग सुलटी करून माझ्यापुढे धरली.

"अर्धीच," म्हणाले.

आमची वाटी कुसुमच्या घरी आता कोणाच्या पानात असेल, कोण जाणे. मी काठोकाठ वाढलं.