निर्माल्याच्या पिशवीतली सुई

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत कचऱ्यावरून कुणाला चार शब्द ऐकवायचे असले की ते काम माझ्याकडे असायचं. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक दिसलं की मी शेजारणीच्या दारात उभी. माझ्या माघारी लोक काय बोलतात ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानच वाटायचा. घरात तर माझाच कायदा. ओला डबा, सुका डबा आणि देवघराच्या खुंटीला निर्माल्याची वेगळी पिशवी. वडनेरचं शेत धाकट्या दिरावर सोपवून सासरे आमच्याकडे राहायला आले, तेव्हा या कायद्याचा सगळ्यात जास्त जाच त्यांना झाला. जन्मभर घरातला केरकचरा एकाच खड्ड्यात टाकून त्याचं खत करणारा माणूस तो. केळीचं साल सुक्या डब्यात सापडलं की मी ते त्यांच्यासमोर उचलून ओल्या डब्यात टाकायची, तोंडातून अक्षर न काढता. मी बोलले असते तर बरं झालं असतं, इतकं माझं ते न बोलणं वाईट असायचं.

सासऱ्यांना रोज इन्सुलिन घ्यावं लागे. वापरलेल्या सुया टाकायला मी फिनाइलची एक जाड बाटली धुऊन ठेवली होती. ती भरली, झाकण घट्ट लावून मी ती दवाखान्यात देऊन आले, आणि जागेवर दुसरी ठेवायची राहून गेली. दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांतल्या सुया कुठे गेल्या असतील, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही.

घंटागाडीवर एक बाई यायची, पंचविशीची असेल. आठ महिन्यांचं लेकरू सासूजवळ ठेवून ती पहाटेच घर सोडायची आणि फेरी संपली की बाराच्या आत त्याला पाजायला घरी पोचायची. म्हणून कुणी डबा आणायला उशीर केला की ती कुरकुरायची. निर्माल्याच्या बाबतीत मात्र तिला कधी घाई नसायची. ती हातमोजे काढायची, पिशवी कपाळाला लावायची आणि उघड्या हाताने फुलं काढून वेगळ्या टोपलीत ठेवायची. हातमोजे घालत जा म्हणून मी तिला एकदा सुनावलंही होतं. देवाचं हाय काकू, एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला तिनं पिशवीत हात घातला आणि झटकन बाहेर ओढला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता. तिनं पिशवी पायरीवर उलटी केली. झेंडूच्या चुरगळलेल्या फुलांत नखाएवढं पांढरं प्लास्टिक पडलं होतं आणि त्यातून बारीकशी सुई वर आली होती. मी ती पाहताक्षणी ओळखली.

"हे कोनाची हाय, काकू?" तिनं विचारलं.

"काय माहीत बाई, आमच्या पिशवीत शेजारचीही फुलं असतात," मी म्हणाले.

हे मी ठरवून बोलले नाही. पण बोलून झाल्यावर परतही घेतलं नाही. गल्लीभर लोकांना शहाणपण शिकवणारीच्या पिशवीत सुई निघाली, हे मला सहन होत नव्हतं. तिनं नळाखाली बोट धुतलं, सुई कागदात गुंडाळली. गाडीचा ड्रायव्हर तिला तसाच सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

मी आत आले. सासरे देवघरापाशी बसले होते, त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मी विचारायच्या आधीच ते बोलले. बाटली जागेवर नव्हती, म्हणाले. "कोनत्या डब्ब्यात टाकू म्हनून तुले विचारलं असतं तर तू चिडली असती." निर्माल्य झाडाच्या बुडाशी जातं, त्याला कुणी हात लावत नाही, तेव्हा घरात तीच एक जागा त्यांना बिनधोक वाटली. वडनेरला तसंच होतं, पूजेची फुलं आंब्याखाली टाकली की त्यांना पुन्हा कुणी शिवत नसे. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला. पण दोन्ही राग गिळून मी भांडी घासत बसले.

नवऱ्याची नोकरी कारंजा घाडग्याला. त्याला फोन केला. तो म्हणाला, तू गप्प राहा. ऐंशीला टेकलेल्या बापाचं रक्त एड्ससाठी तपासायला नेलं, तर उद्या सिंदीपासून वडनेरपर्यंत लोक काय काय बोलतील. तिला दवाखान्यात औषध देतीलच की. मला ते पटलं नव्हतं, तरी ऐकून बरं वाटलं. घड्याळाकडे मात्र सारखं लक्ष जात होतं. बारा वाजले तेव्हा ती घरी गेली असेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

एक वाजता ड्रायव्हर परत आला आणि गल्लीच्या टोकापासून एकेक दार वाजवू लागला. आमच्या दाराशी आला तेव्हा त्याच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या. सुई ज्याची आहे त्याचं रक्त तपासायला मिळालं तर तास-दोन तासांत उलगडा होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माणूस सापडला नाही तर तिला महिनाभर एड्स टाळायच्या गोळ्या, आणि तोवर लेकराला अंगावर पाजायचं नाही. तिची सासू लेकरू घेऊन दवाखान्यात येऊन बसली होती. लेकरू बाटली तोंडात धरत नव्हतं.

"तुमच्या घरी कोनी सुई घेते काय, काकू?"

"नाई," मी म्हणाले.

माझ्या मागे चपला सरकल्याचा आवाज झाला. सासरे टोपी घालून दारात आले होते.

"मी घेतो. ते सुई माही हाय. चाल," ते ड्रायव्हरला म्हणाले.

माझ्याकडे न बघता ते गाडीत पुढे जाऊन बसले. मी दाराला कुलूप लावलं आणि ऑटोनं मागोमाग गेले.

दवाखान्यात ती बाकावर बसली होती. दूध दाटून पदर भिजला होता आणि तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट बांधले होते. सासूच्या मांडीवर लेकराचं रडून रडून आता नुसतं कण्हणं उरलं होतं, आणि त्याच्या प्रत्येक आवाजाला तिचे हात आणखी आवळत होते. सासऱ्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "पोरी, माह्या हातून झालं," ते म्हणाले आणि रक्त द्यायला आत गेले. पुढचा दीड तास मी तिच्यासमोर बसून होते. मला देवाला साकडं घालायचंही धैर्य होईना.

अखेर सिस्टर बाहेर आली. म्हाताऱ्यांच्या रक्तात काही नाही, कावीळही नाही, म्हणाली. पुन्हा एकदा तपासायला ये, पण लेकराला आता पाज.

तिनं सासूच्या मांडीवरून लेकरू उचललं. मग प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

"काकू, तुमाले सकाळीच मालूम होतं ना?"

"हो."

"मंग माह्या लेकराले दिवसभर उपाशी काऊन ठेवलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि लेकराला पदराखाली घेतलं. सासरे तिच्या सासूशेजारी बाकावर जाऊन बसले. तिथे आणखी एका माणसाची जागा होती, पण मी उभीच राहिले.